नकाशा नसलेल्या समुद्रातील शोध

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कवठे महांकाळ परिसरातील अनेक घरांत पुण्या-मुंबईकडची नातवंडे येतात. सकाळचा वेळ रानात जातो, संध्याकाळचा देवळाकडे किंवा कट्ट्यावर. दुपार मात्र घरातच काढावी लागते. वैशाखातील ऊन ज्येष्ठांना बाहेर पडू देत नाही आणि मुलांनाही. अशा दुपारी नातू लॅपटॉप उघडून खेळात रमतो आणि आजोबा त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मधल्या पिढीची तक्रार दुहेरी असते. मूल पडद्यातून डोके वर काढत नाही आणि वडील दिवसभरात चार वाक्येसुद्धा बोलत नाहीत.

या दोन्ही तक्रारींवर एकच उपाय सुचवणे धाडसाचे वाटेल. तरीही आजच्या लेखात एका व्हिडिओ गेमविषयी सविस्तर लिहावे असे ठरवले आहे. या खेळाचे नाव ‘सबनॉटिका’. समुद्राखाली तग धरून राहण्याचा हा खेळ आहे. त्यातील एक विशिष्ट काम, म्हणजे विखुरलेले तुकडे शोधून यंत्राचा आराखडा पूर्ण करणे, ज्येष्ठ आणि नातवंडे यांनी मिळून करण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी ज्येष्ठांना खेळात एक निश्चित जबाबदारी द्यावी लागते. नुसते शेजारी बसवून भागत नाही.

खेळाचे स्वरूप

अमेरिकेतील ‘अननोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट’ या संस्थेने हा खेळ तयार केला आणि जानेवारी 2018 मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. ‘अरोरा’ नावाचे एक प्रचंड अंतराळयान एका परक्या, जवळजवळ सर्वत्र पाण्याने व्यापलेल्या ग्रहावर कोसळते. त्यातील एक प्रवासी छोट्या जीवनरक्षक नौकेतून वाचतो. आता त्याने समुद्रात बुडी मारून अन्न, पाणी आणि धातू मिळवायचे, त्यांतून अवजारे घडवायची आणि अखेरीस सुटकेचा मार्ग शोधायचा, अशी ही कथा आहे.

पालकांना आणि ज्येष्ठांना दिलासा देणारी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. या खेळात माणसांवर झाडण्याच्या प्राणघातक बंदुका नाहीत. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी हा निर्णय जाणीवपूर्वक घेतला होता. धोका आहे, भीतीही आहे. परंतु त्यातून वाट काढायची ती निरीक्षणाने, सावधपणे आणि योग्य साधन हाती घेऊन.

तुकडे आणि आराखडा

खेळाडूला काही साध्या वस्तू सुरुवातीपासून घडवता येतात. मोठ्या यंत्रांचे आराखडे मात्र त्याच्याजवळ नसतात. फुटलेल्या यानाचे अवशेष समुद्रतळावर विखुरलेले असतात आणि त्यांत त्या यंत्रांचे मोडके भाग पडलेले असतात. असा भाग दिसला की हातातील स्कॅनर त्यावर काही क्षण धरायचा. त्या भागाची नोंद होते. आवश्यक तेवढ्या नोंदी झाल्या की आराखडा पूर्ण होतो आणि ते यंत्र घडवण्याची मुभा मिळते.

अर्थात प्रथम स्कॅनर हवा. त्यासाठी एक टायटॅनियम आणि एक बॅटरी लागते. बॅटरीसाठी तांब्याचे एक खनिज आणि आम्लयुक्त अळंबीचे दोन नग लागतात. हे सर्व सुरुवातीच्या उथळ पाण्यातच मिळते. त्यानंतर बहुतेक खेळाडूंचा पहिला शोध असतो ‘सीग्लाइड’चा. हातात धरून वेगाने पोहण्याचे हे छोटे यंत्र होय. त्याचे दोन तुकडे पुरतात. ‘सीमॉथ’ या एका माणसाच्या पाणबुडीसाठी तीन तुकडे लागतात. ‘सायक्लॉप्स’ ही मोठी पाणबुडी हवी असेल तर सांगाडा, चालककक्ष आणि इंजिन या तिन्हींचे प्रत्येकी तीन तुकडे जमवावे लागतात. काही आराखडे अखंड स्वरूपात पेट्यांमध्येही मिळतात. एखादा आराखडा पूर्ण झाल्यानंतर त्याच यंत्राचा आणखी तुकडा सापडला, तर स्कॅनर त्याचे दोन टायटॅनियम करून देतो. म्हणजे शोध वाया जात नाही.

आपल्या दृष्टीने या खेळाची सर्वांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. या समुद्राचा संपूर्ण नकाशा खेळात दिलेला नाही. सीग्लाइड हाती आल्यावर आसपासच्या भूभागाचे छोटेसे चित्र दिसते आणि जीवनरक्षक नौकेचे चिन्ह पडद्यावर दिसत राहते, इतकाच आधार असतो. होकायंत्रसुद्धा सुरुवातीला नसते. तेही मिळवावे लागते. तांबड्या गवताचे पठार कोणत्या बाजूस लागले, उंच समुद्रवनस्पतींचे रान कोठे संपले, यानाचा मोडका भाग किती खोलीवर होता, हे सारे खेळाडूने स्वतः ध्यानात ठेवायचे. त्यात पुन्हा प्राणवायूची मर्यादा आहे. पाठीवर टाकी नसताना एका बुडीला 45 सेकंद मिळतात आणि साधी टाकी घेतल्यावर 75. तेवढ्यात खाली जायचे, पाहायचे आणि वर यायचे.

विहिरीतील घागर

आपल्या तालुक्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे काम अगदीच परके नाही. पूर्वी विहिरीत घागर किंवा कळशी पडली की गळ सोडून ती काढली जाई. गळ कोठे सोडायचा हे ठरवण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्या जात. रहाटाच्या कोणत्या बाजूला पडली, दोर कितव्या हातावर सुटला, पाणी किती पुरुष आहे, तळाला गाळ आहे की खडक. ज्यांनी पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा डबा पाठीला बांधून विहिरीत पोहणे शिकले, त्यांना बुडी मारून तळाची वस्तू वर आणण्याची धडपडही आठवत असेल. दम संपत आला असताना आणखी हातभर खाली जावे की वर यावे, हा निर्णय त्यांनी प्रत्यक्ष घेतलेला असतो.

दुष्काळी भागातील माणसाची पाण्याविषयीची स्मरणशक्ती वेगळ्याच प्रकारची असते. म्हैसाळ उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी येण्यापूर्वी कोणत्या रानातील विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते, अग्रणीच्या पात्रात कोठे झरा खणला तर पाणी लागते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यावर कुटुंबाची आणि जनावरांची तहान अवलंबून होती. हे ज्ञान कागदावर नव्हते. बांध, चिंच, पाणंद, ओढ्याचे वळण अशा खुणांनी ते मनात साठवलेले होते. आजही आपल्याकडे पत्ता सांगण्याची पद्धत तीच आहे. मिरजेकडून येताना दंडोबाचा डोंगर दिसला की आपण कोठवर आलो हे कळते. खेळात तेच काम पाण्याबाहेर दिसणारे ‘अरोरा’चे धूड करते. वर आल्यावर प्रथम ते शोधावे आणि मग आपली दिशा ठरवावी.

म्हणून नातवाला एवढेच सांगावे, की तुझ्या खेळात नकाशा नाही आणि तुझ्या आजोबांनी उभे आयुष्य नकाशावाचून वाटा लक्षात ठेवल्या आहेत. बोटे नातवाची चपळ आहेत; खुणा लक्षात ठेवण्याची सवय आजोबांची जुनी आहे. कामाची वाटणी इथूनच सुरू होते.

मेंदूत काय घडते

जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आणि त्यालगतचा प्रदेश करतो. 1971 मध्ये लंडन येथे जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, की उंदीर खोलीतील विशिष्ट जागी पोहोचला म्हणजेच त्या सक्रिय होत. पुढे 2005 मध्ये नॉर्वेतील मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात अंतर आणि दिशा यांचे जणू जाळे आखणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना 2014 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनमधील रस्ते मुखोद्गत असणाऱ्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते.

मेंदूचा हाच प्रदेश वयानुसार क्षीण होतो आणि अल्झायमरच्या आजारात तो लवकर बाधित होतो. त्यामुळे ओळखीच्या वाटेवर चुकणे हे त्या आजाराचे आरंभीचे एक लक्षण असू शकते.

व्हिडिओ गेममुळे या भागाला चालना मिळते का, याचाही अभ्यास झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी 60 ते 80 वयोगटातील, पूर्वी असे खेळ न खेळलेल्या व्यक्तींना चार आठवडे रोज 30 ते 45 मिनिटे खेळायला दिले. काहींना ‘सुपर मारिओ’सारखा त्रिमितीय जगात हिंडण्याचा खेळ दिला, काहींना ‘अँग्री बर्ड्स’, तर काहींना ‘सॉलिटेअर’ हा पत्त्यांचा खेळ. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या दोन गटांची एकमेकींसारख्या दिसणाऱ्या गोष्टींतील भेद ओळखण्याची स्मृती सुधारली. पत्त्यांच्या गटात तसे आढळले नाही. माँट्रियल येथील 2017 च्या एका अभ्यासात 55 ते 75 वर्षांच्या काही व्यक्ती सहा महिने त्रिमितीय ‘मारिओ’ खेळल्या आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील करड्या द्रव्यात वाढ दिसली. मात्र त्या अभ्यासात तिन्ही गट मिळून अवघी 33 माणसे होती.

या निष्कर्षांतून नेमके काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे स्पष्ट असावे. हे अभ्यास छोटे आहेत आणि ते ‘सबनॉटिका’वर झालेले नाहीत. नव्या, अनोळखी जागेत हिंडून ती लक्षात ठेवण्याचा सराव मेंदूला उपयुक्त ठरू शकतो, इतकेच त्यांतून म्हणता येते. खेळाने विस्मरणाचा आजार टळतो किंवा बरा होतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने अशाच स्वरूपाच्या जाहिराती केल्या होत्या. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि 2016 मध्ये कंपनीला 20 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी निराळ्या आणि अधिक खात्रीच्या आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित असे 14 धोके नोंदवले, ज्यांवर काही प्रमाणात नियंत्रण ठेवता येते. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, दृष्टी कमी होणे, शारीरिक हालचालींचा अभाव आणि एकाकीपण यांचा समावेश आहे. यांपैकी एकाकीपणावर दुपारचा हा खेळ काही अंशी उपयोगी पडू शकतो. मोतीबिंदूची तपासणी, श्रवणयंत्र आणि रक्तदाबाची गोळी यांची जागा तो घेऊ शकत नाही.

वही कोणाकडे असावी

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. संगणकाची कळ किंवा कन्सोलचा रिमोट नातवंडाच्या हाती द्यावा. अंगठ्याच्या सांध्यात दुखणाऱ्या, हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांना आरंभीच कळा दाबायला लावले तर ते दहा मिनिटांत कंटाळतात आणि ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून उठतात. ज्येष्ठांकडे दोन कामे सोपवावीत. एक, पडद्यावरील प्राणवायूच्या आकड्यावर लक्ष ठेवणे आणि वर येण्याची सूचना देणे. दोन, शोधाची वही ठेवणे.

वहीत मोठ्या अक्षरांत पाच रकाने आखावेत: खूण, दिशा, खोली, काय सापडले, अजून किती हवेत. खोलीचा आकडा पडद्यावर दिसतोच. एक नोंद नमुन्यादाखल अशी असेल: ‘नौकेपासून यानाकडे पाठ करून, उंच वनस्पतींच्या रानाच्या कडेला; खोली 20 मीटर; सीग्लाइडचा एक तुकडा; अजून एक हवा.’ शेजारी पेन्सिलीने ओबडधोबड आकृती काढावी. चार दिवसांत त्या आकृत्या जुळून घरातला असा नकाशा तयार होतो, जो खेळ तयार करणाऱ्यांनी दिलेला नाही. ज्यांचे अक्षर आता वळत नाही त्यांनी सांगावे आणि नातीने लिहावे. तेही चालेल, निर्णय मात्र त्यांचा असावा.

पुढे खेळात दिशादर्शक खुणेचा दिवा घडवता येतो आणि त्याला हवे ते नाव देता येते. नावे ठेवण्याचे काम आजीकडे द्यावे. ‘चिंचेचा बांध’, ‘बिरोबाचे बन’, ‘मामाचा मळा’ अशी नावे त्या परक्या समुद्रात पडली की नातवंडे विचारतात, हे बन कोठे आहे? मग आरेवाडीची गोष्ट निघते, यात्रेची निघते, मेंढरांच्या वाटेची निघते. खेळ थोडा वेळ थांबवून ती ऐकावी. या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

यूट्यूबवर तुकड्यांच्या जागा दाखवणाऱ्या चित्रफिती भरपूर आहेत. मुले त्या पाहून मोकळी होऊ पाहतात. शोधाची मेहनत वगळली तर वहीलाही काम उरत नाही आणि आजोबांनाही. फारच अडले तर एखादी खूण पाहावी, तोवर आपलीच वही उघडावी.

खेळाचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा. सुरुवातीला चार प्रकार समोर येतात. ‘सर्व्हायव्हल’मध्ये भूक-तहान सांभाळावी लागते, त्यामुळे लक्ष विभागले जाते. ‘हार्डकोअर’मध्ये एकदा मेले की सारे संपते, ते आपल्या कामाचे नाही. ‘क्रिएटिव्ह’मध्ये सर्व आराखडे आधीच मिळालेले असतात, म्हणजे शोधच उरत नाही. ‘फ्रीडम’मध्ये भूक-तहान नाही, पण प्राणवायूची मर्यादा आणि तुकड्यांचा शोध कायम आहे. आपल्या हेतूसाठी हाच प्रकार योग्य. खेळाची भाषा मराठी नसल्याने सूचना नातवंडांनी वाचून मराठीत सांगाव्यात. त्यांचीही मराठी त्यामुळे सुधारते.

शरीराची काळजी

पाण्याखालील दृश्य सर्व दिशांना फिरते. डोळे सांगतात की आपण हललो, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण बसलेलो आहोत. या विसंगतीमुळे काहींना मळमळ होते किंवा गरगरते. खोलीतील दिवा चालू ठेवावा, पडद्यापासून पुरेसे दूर बसावे आणि चालवणाऱ्याने झटके देऊन वळू नये. संगणकावर सेटिंगमध्ये दृश्याचा आवाका वाढवता येतो. त्यानेही फरक पडतो. तरीही गरगरले तर त्या दिवशी खेळ बंद करावा. ज्यांना मुळात चक्कर येण्याचा विकार आहे किंवा ज्यांना अपस्माराचे झटके येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असा खेळ पाहू नये.

पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूरवर, साधारण 20 फुटांपलीकडे पाहावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असणारे लोक खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करतात आणि मग मान आखडते. पडदा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवला की हा त्रास टळतो.

प्राणवायू संपत आला की पाहणाराही नकळत श्वास रोखतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी याकडे लक्ष द्यावे. ‘वर ये’ म्हणून मोठ्याने सांगितले की आपलाही श्वास मोकळा होतो. खोल पाण्यात आणि यानाच्या आसपास अजस्र, भयावह प्राणी आहेत आणि आरंभीच्या टप्प्यात ‘अरोरा’चा प्रचंड स्फोटही होतो. आवाज बेताचा ठेवावा आणि नातवाने आधी कल्पना द्यावी. ज्यांना भीतीने छातीत धडधडते त्यांच्यासोबत उथळ पाण्यातील शोधच पुरेसा आहे.

अर्ध्या तासानंतर उठावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी एकदम उभे राहू नये. आधी पाय हलवावेत, मग आधार घेऊन उभे राहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. दुपारचा खेळ या वेळेतून वजा करू नये. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच नातवाला सोबत घेऊन रानापर्यंत चालावे आणि त्याला तेथील खुणा विचाराव्यात. तिथे वही नातवाने ठेवावी.

विस्मरण असलेल्या ज्येष्ठांसोबत

घरातील ज्येष्ठांना विस्मरणाचा आजार जडला असेल तर या उपक्रमाचे स्वरूप बदलते. ‘काल कोठे गेलो होतो, सांगा पाहू’ असा प्रश्न त्यांना कधीही विचारू नये. उत्तर न आठवणे ही त्यांच्यासाठी रोजचीच नामुष्की असते. त्यात नातवंडांसमोर परीक्षा घेतली तर ते पुन्हा त्या खोलीत येत नाहीत. त्याऐवजी वही उघडून आपणच वाचावे: ‘काल आपण वनस्पतींच्या रानाशी आलो होतो, एक तुकडा मिळाला.’ नंतर दोनच पर्याय द्यावेत: ‘आज इकडे जाऊ की तिकडे?’ ते ज्या बाजूला बोट दाखवतील तिकडे खरोखर जावे. तेथे काही मिळाले नाही तरी चालते.

काहींना पडद्यावरील पाणी खरे वाटून घाबरायला होते. अशा वेळी समजूत घालत बसू नये, पडदा मिटवून दुसऱ्या विषयाकडे वळावे. काहींना फक्त रंगीत मासे पाहणे आवडते. मग शोध बाजूला ठेवून मासे पाहावेत. आजार पुढे सरकेल तशी वही नातवाच्या हाती जाईल आणि आजी केवळ नाव सुचवेल. ते नावही एके दिवशी सुचणार नाही. त्या दिवशी जुन्या वहीतील तिनेच ठेवलेली नावे तिला वाचून दाखवता येतील. काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनी ही वही जपून ठेवावी.

खेळात दिशा चुकली म्हणून कोणी घाबरू नये. तिथे तरुण खेळाडूही चुकतात. मात्र वडील स्वतःच्या गल्लीत, रोजच्या देवळाच्या वाटेवर किंवा घरातल्याच खोल्यांत चुकू लागले, तर ‘वयाने होते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा दोष, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, औषधांचे दुष्परिणाम, नैराश्य अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही असू शकतात.

थांबावे केव्हा

पडद्यावर ‘तीनपैकी दोन’ असा आकडा दिसला की उठवत नाही. अपुरे राहिलेले काम मनात रेंगाळते, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने 1927 मध्येच नोंदवून ठेवले आहे. हीच ओढ आजोबांना दुसऱ्या दिवशी दुपारची वाट पाहायला लावते आणि हीच नातवाला रात्री एकपर्यंत जागवते. म्हणून थांबण्याची वेळ तुकड्यावर न ठेवता घड्याळावर ठेवावी. उठण्यापूर्वी उद्या कोणत्या दिशेला जायचे ते वहीत एका ओळीत लिहावे. पुढचे काम कागदावर उतरले की मन त्याला सोडून देते. वही आजोबांच्या उशाशी असली म्हणजे नातवाला त्यांच्यावाचून पुढे जाताही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाचा समावेश केला असून ते वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झाले आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे. साधारण वर्षभर ती टिकली तर निदान केले जाते. सुट्टीतील तासाभराचा सामायिक खेळ यात बसत नाही. तरीही काळजी वाटलीच तर शासनाच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

सुट्टी संपते आणि नातवंडे परत जातात. समुद्र अर्धाच धुंडाळून झालेला असतो. वही मात्र आजोबांकडेच राहू द्यावी. रविवारी फोनवर नातवाने विचारावे, ‘सीमॉथचा तिसरा तुकडा कोठे शोधू?’ आणि आजोबांनी चष्मा लावून, वही उघडून सांगावे. एरवी या फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘तब्येत कशी आहे’ यांपलीकडे बोलणे जात नाही. यंदाच्या सुट्टीत एक दोनशे पानी वही आणि जाड टोकाची पेन्सिल आधीच आणून ठेवावी.